आर्थेलच्या भट्टीचं झाकण

आर्थेल मॅक्लेमोर कमरेवर हात ठेवून स्वतःच्याच भट्टीसमोर उभा होता आणि धुरांड्याकडे बघत होता. धुरांड्याची झडप सताड उघडी होती. त्याने ती अर्धी लावली होती. म्हणजे, लावली होती ना? झडपेच्या दांड्याचा चटका बसला होता, तो अजून बोटावर चुरचुरत होता. तेव्हा हात लागला होता हे नक्की. पण तो हात झडप अर्धी करायला लागला होता, की उघडायला?

जुलैचा शनिवार, सकाळचे सात. भट्टीत डुकराच्या बरगड्यांचे छत्तीस पट्टे होते, दोन थरांत, हाडाची बाजू खाली. पाहुणे सत्तर. निमित्त होतं थोरल्या बहिणीच्या, ओझेलाच्या, ऐंशीव्या वाढदिवसाचं. जेवण दीड वाजता. आणि झडप उघडी राहिली तर खालचे निखारे भडकून वरचा थर दहाच्या आत कोळसा.

त्याने झडप अर्धी केली. दोनदा केली. मग स्वतःशीच मोठ्याने म्हणाला, "अर्धी. आर्थेल, ही अर्धी आहे."

"कोणाशी बोलताय, बाबा?"

मागच्या पडवीत त्याची मुलगी इव्हेट बसली होती. एका हातात कॉफी, दुसऱ्या हातात फोन.

"झडपेशी."

"बराच वेळ उभे आहात."

"भट्टीच्या दिवशी भट्टीसमोर नाही उभं राहायचं, तर काय लायब्ररीत उभं राहायचं?"

इव्हेट हसली नाही. तिने फोनवर काहीतरी टिपलं.

आता ही इव्हेट शिकागोहून दोन दिवस आधीच का येऊन बसली होती, ते सांगायला हवं. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. फक्त आर्थेलला वाटत होतं की ही गोष्ट बापलेकीतच आहे.

ईस्टरच्या रविवारी आर्थेल चर्चमधून निघाला, पांढऱ्या गाडीत बसला, घरी आला, पोटभर हॅम खाल्लं आणि झोपला. उठला तर दारात चर्चचे कारभारी, डीकन बूकर, उभे. गाडी डीकनांची होती; आर्थेलचीही पांढरीच. आमच्याकडे चर्चच्या आवारात किल्ल्या गाडीतच ठेवतात, तेव्हा अशी चूक कोणाचीही होईल, असं आर्थेलचं म्हणणं. होईल, अवश्य होईल. पण शेजारच्या सीटवर डीकनांच्या बायकोची जांभळी, पिसांची, परातीएवढी टोपी होती. सात मैल ती टोपी आर्थेलच्या शेजारी बसून आली आणि त्याला दिसली नाही, हे जरा अवघड होतं.

ही बातमी सोमवारच्या दुपारच्या आत शिकागोला पोचली. पोचवली ओझेलाच्या नवऱ्याने, क्लीव्हनने. क्लीव्हनची सगळी हयात पोस्टात गेली. निवृत्त झाल्यावर पिशवी तेवढी परत केली, वाटप चालूच ठेवलं.

मग इव्हेटचा फोन. आई जाऊन चार वर्षं झाली, बाबा एकटे, घर गावाबाहेर, आणि आता ही गाडी. तिने सरळ सांगितलं, "ओझेला आत्याच्या वाढदिवसाच्या बरगड्या तुम्ही एकट्याने नीट केल्यात, तर मी पुन्हा विषय काढणार नाही. पण विसरलात, गोंधळ केलात, तर सोमवारी माझ्याबरोबर शिकागोला यायचं. कायमचं."

"कबूल," आर्थेल म्हणाला होता. तीस वर्षं तो घराण्याच्या बरगड्या करत होता. जुगार कसला त्यात?

इव्हेटचं घर पाचव्या मजल्यावर. तिथे गॅलरीत काडी ओढली तरी खालचा माणूस वर येतो.

आणि ही भट्टी म्हणजे आर्थेलचं अर्धं आयुष्य. कापसाच्या जिनिंगमध्ये तो एक्केचाळीस वर्षं मेकॅनिक होता. मशीनचं बेअरिंग गेलं की मुकादमाच्या आधी याचा कान टवकारायचा. इव्हेट जन्मली त्या वर्षी त्याने तेलाची एक जुनी टाकी आणली, आडवी कापली, झाकणाला वजन लावलं आणि आत दोन जाळ्या बसवल्या. शेजारी पिंपात हिकरीची लाकडं जाळायची, निखारे पडले की फावड्याने भट्टीखाली सरकवायचे, दोन या टोकाला, दोन त्या टोकाला. उष्णता बघायला त्याने कधी काटा लावला नाही. झाकणावर पाण्याचे थेंब उडवायचे. थेंब नाचले तर बरोबर, गडप झाले तर जास्त, बसून राहिले तर कमी.

अशा भट्टीला दुसऱ्याने हात लावायचा नसतो. आमच्या भागात माणूस दुसऱ्याच्या बायकोकडे बघून एखादेवेळी सुटेल, दुसऱ्याच्या भट्टीचं झाकण उचलून नाही सुटायचा. एका लग्नात नवऱ्यामुलाच्या मामाने 'जरा बघतो' म्हणून सासऱ्याच्या भट्टीचं झाकण उचललं. दोन्ही घरांत नऊ वर्षं बोलणं बंद. त्यामुळे झडप दुसऱ्या कोणी उघडली असेल, हे आर्थेलच्या मनालाही शिवलं नाही. दुसऱ्या कोणी म्हणजे कोणी? चोर असता तर पट्टे घेऊन गेला असता. झडप उघडून जाणारा चोर कुठे असतो?

तेव्हा उरला आर्थेलच.

साडेसातला क्लीव्हन घडीच्या खुर्च्यांची दुसरी खेप घेऊन आला; पहिली तो पावणेसातलाच अंगणात टाकून गेला होता. अंगात पिवळाधम्मक टीशर्ट, छातीवर ओझेलाचा चाळीस वर्षांपूर्वीचा फोटो. असे सत्तर शर्ट छापून घेतले होते.

"दाजी, बायको छातीवर घेऊन फिरताय," आर्थेल म्हणाला.

"ही बोलत नाही ना, म्हणून घेतली." क्लीव्हनने भट्टीकडे पाहिलं, मग धुरांड्याकडे, मग आर्थेलकडे. "सगळं ठीक?"

"न व्हायला काय झालं?"

"नाही, आपलं विचारलं." आणि क्लीव्हन खुर्च्या मांडायला गेला. एरवी हा माणूस अर्धा तास सल्ला दिल्याशिवाय भट्टीजवळून हलायचा नाही.

पाठोपाठ डीकन बूकर बर्फाच्या पिशव्या घेऊन आले. "किल्ली खिशात ठेवलीय बरं का, आर्थेल."

"टोपी कुठे ठेवलीत, डीकन? तिच्याशी माझं बोलणं अर्धवट राहिलंय."

डीकन खो खो हसले. पण हसता हसता आर्थेलच्या खांद्यावर हात ठेवला आणि जरा जास्तच वेळ तो तिथे राहू दिला, आजारी माणसाच्या खांद्यावर ठेवतात तसा. आर्थेलला तो हात आवडला नाही.

तो आत गेला. व्हिनेगर, लाल तिखट, मोहरीची पूड आणि मीठ बादलीत कालवलं. बरगड्यांवर हे पाणी सुतळीच्या कुंच्याने लावायचं, पण नऊच्या आधी नाही. आधी कोरडा मसाला धरला पाहिजे. बादली भट्टीशेजारी ठेवली, कुंचा वर आडवा ठेवला, पाण्यात बोटं बुडवून झाकणावर थेंब उडवले.

थेंब नाचले नाहीत. पडले आणि गेले. जसे काही पडलेच नव्हते.

आर्थेल वाकला. भट्टीखाली निखाऱ्यांचा ढीग होता. त्याने दोन्ही टोकांना दोन-दोन फावडी टाकली होती. इथे चार-चार होती, आणि वर जाडसा तुकडा, अजून पेट घेत असलेला. ओला, हिरवट, पांढरा धूर सोडणारा! असला तुकडा आर्थेल मॅक्लेमोरने जन्मात कधी भट्टीखाली घातला नव्हता. ज्याने घातला त्याला तो बदडूनच काढणार होता. पण मग तो स्वतःला कसा बदडणार?

फावड्याने त्याने निखारे परत ओढले आणि पिंपात टाकले.

"बाबा, निखारे परत काढताय?"

"हो."

"का?"

"जास्त झाले."

"मग टाकले कोणी?"

आर्थेलने फावडं पिंपाला टेकवलं, मग उचलून दुसऱ्या बाजूला टेकवलं. इव्हेटचा अंगठा फोनवर टकटक करत होता. शिकागोची पाचव्या मजल्यावरची गॅलरी त्याच्या डोळ्यांसमोर आली, तिच्यात एक खुर्ची, आणि खुर्चीवर हाच.

साडेआठला ओझेला आली. काठी टेकत, पिवळ्या शर्टावर मोत्यांची माळ, आणि कमरेपासून खांद्यापर्यंत 'ऐंशी आणि झकास' असं लिहिलेली चंदेरी पट्टी. ओझेला म्हणजे आर्थेलपेक्षा सहा वर्षांनी मोठी. तिने त्याला लहानपणी विहिरीच्या काठावरून ओढलं होतं, तरुणपणी एका गिटारवालीपासून ओढलं होतं. दोन्ही वेळा कान धरून.

"ताई, वाढदिवसाच्या शुभेच्छा. जागेवर बस, लवकर आलीस."

ओझेलाने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत इतकी माया होती की आर्थेल एक पाऊल मागे सरकला.

"तू बरा आहेस ना रे?"

चौऱ्याहत्तर वर्षांत हा प्रश्न तिने कधी विचारला नव्हता. तो पिकअपवरून पडून पाय मोडला होता तेव्हाही ती म्हणाली होती, "ऊठ, जमीन घाण केलीस."

"बरा आहे," आर्थेल म्हणाला. आणि तिच्यासाठी एक खुर्ची उघडली.

घरात फोन वाजला. कुणी मावसभाऊ मेम्फिसच्या रस्त्यावर वाट चुकला होता. दरवर्षी चुकतो, त्याच वळणावर. त्याला वाट सांगून आर्थेल परतला तेव्हा नऊ वाजून गेले होते. त्याने बादली घेतली आणि बरगड्या ठेवल्यापासून पहिल्यांदा झाकण उचललं.

बरगड्या ओल्या होत्या.

चकचकीत, व्हिनेगरने न्हालेल्या. थेंब अजून खाली निखाऱ्यावर पडून चर्र चर्र वाजत होते. त्याने बादलीत पाहिलं. बादली अर्धी होती. कुंच्याला हात लावला. ओला.

आर्थेल तसाच उभा राहिला. किती वेळ ते त्याला कळलं नाही. आपण पाणी लावलं? कधी? फोनच्या आधी की नंतर? त्याने मनातल्या मनात परीक्षा घ्यायला सुरुवात केली. गुरुवारी काय जेवलास? मटार आणि मक्याची भाकरी. बायकोचं नाव? कोरीन. जिनमध्ये कापूस आत आला की आधी कुठे जातो? शोषनळी, मग सुकवणी, मग साफसफाईचा रूळ, मग करवतीचा जिन, मग सरकी खाली, रुई पुढे, मग दाब, मग गठ्ठा. एकही पायरी चुकली नाही. उलट्या क्रमानेही म्हणून बघितलं. तेही जमलं.

आणि तरीही बरगड्या ओल्याच.

पण जिनिंगच्या आठवणीनेच त्याला वाट दाखवली. मशीन विनाकारण वेडंवाकडं वागायला लागलं तर तो काय करायचा? हात लावायचा नाही. बाजूला उभा राहायचा, श्वास धरून, आणि बघायचा. कोणतंही मशीन विनाकारण वेडंवाकडं वागत नाही.

"इव्हेट," तो मोठ्याने म्हणाला, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असा, "मी जरा पडतो अर्धा तास."

अंगणातली सगळी डोकी वळली. भट्टी चालू असताना पडतो म्हणणारा माणूस आमच्याकडे कोणी पाहिलेला नाही. क्लीव्हनच्या हातातली खुर्ची आपोआप मिटली.

"पडा, बाबा," इव्हेट म्हणाली, अगदी हळू आवाजात.

आर्थेल पुढच्या दाराने घरात शिरला, बाजूच्या दाराने बाहेर पडला आणि कोरीनच्या हायड्रेंजियाच्या झुडपांआडून, चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस जेवढा वाकू शकतो तेवढा वाकून, अवजारांच्या खोपटीत गेला. खोपटीच्या फळ्यांत बोटभर फट होती. तिला त्याने डोळा लावला.

पाच मिनिटं काही नाही. आर्थेलला वाटायला लागलं की आता आपण खरंच वेडे, आपल्याच भट्टीवर पाळत ठेवून बसलोय.

मग क्लीव्हन आला. दोन्ही हात खिशात, आकाशाकडे बघत, तिरका चालत, जशी काही भट्टी त्याच्या वाटेत चुकून आली होती. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. खिशातला हात बाहेर काढला, झडप सताड उघडली, हात खिशात परत. आणि शीळ घालत गेला.

आर्थेलच्या तोंडून शिवी निघणार होती, ती त्याने बाहीत दाबली.

क्लीव्हन दिसेनासा होतो न होतो तोच डीकन बूकर. डीकनांनी फावडं घेतलं, पिंपातले निखारे काढले, या टोकाला दोन, त्या टोकाला दोन आणि मध्ये एक, स्वतःच्या मनाने. मग टोपी काढली, झाकणाच्या वर हात धरला आणि भट्टीसाठी प्रार्थना केली! "प्रभो, याच्या हातून निसटतंय ते तू सांभाळ," एवढं आर्थेलला स्पष्ट ऐकू आलं.

मग ओझेला. तिला झाकण एकटीने उचलणं अशक्य, म्हणून तिने काठी झाकणाच्या कडेखाली घालून तरफेसारखी दाबली. चाळीस वर्षांत आर्थेलला ही युक्ती सुचली नव्हती. कुंचा बादलीत बुडवला, सपासप मारला, बोट चाटलं, तोंड वाकडं केलं, पर्समधून एक छोटी बाटली काढली आणि बादलीत रिकामी केली. बाटलीत काय होतं हे तिने आजतागायत सांगितलेलं नाही.

आर्थेलला हसू येत होतं आणि अंगाचा तिळपापडही होत होता. मी वेडा नाही! हे लोक वेडे आहेत! तो उठून दार ढकलणारच होता, तेवढ्यात कॉफीचा कप आत ठेवून आलेली इव्हेट पडवीतून उतरली.

ती भट्टीशी गेली. धुरांड्याकडे पाहिलं. झडप उघडी. तिने मान हलवली, शर्टाच्या टोकाने दांडा धरला आणि झडप अर्धी लावली. बरोबर अर्धी. लहानपणी ती याच भट्टीशेजारी उलट्या बादलीवर बसायची, तेव्हा शिकलेली. मग तिने घराच्या खिडकीकडे पाहिलं, जिच्याआड बाप झोपलेला असायला हवा होता. फोन काढला. काही टिपलं नाही. फोन तसाच हातात धरून ती उभी राहिली आणि मनगटाने डोळे पुसले. धूर तर तिकडे नव्हताच.

आर्थेल खोपटीतल्या पोत्यावर खाली बसला.

आता त्याच्या डोक्यातला गोंधळ काही और होता. मघाशी प्रश्न सोपा होता, मी वेडा की नाही. आता उत्तर मिळालं होतं, नाही. पण ज्या चार माणसांनी त्याला जन्मभर पाहिलं, त्या चौघांनी आमच्याकडचा सगळ्यात मोठा नियम मोडला, गुपचूप, एकमेकांना न सांगता. का? कारण चौघांनाही वाटत होतं की आर्थेलच्या हातून आता होत नाही. इव्हेटने शिकागोची अट 'कोणाला सांगू नका' म्हणून आत्याला सांगितली असणार, आत्याने 'कोणाला सांगू नका' म्हणून नवऱ्याला, आणि क्लीव्हनने सगळ्या टपालपेट्यांना. ते ठीक. पण एक माणूस म्हणतो मी ठणठणीत, आणि चार माणसं म्हणतात नाही. मेकॅनिकने कोणावर विश्वास ठेवायचा?

दीड वाजता सत्तर माणसं पिवळ्या शर्टांत रांगेने उभी. लांब टेबलावर बटाट्याचं सॅलड, स्पॅगेटी, उकडलेल्या शेंगा, पांढरा पाव आणि बर्फ घातलेल्या गोड चहाचे दोन हंडे. बटाट्याचं सॅलड भरवशाच्या हातचंच खायचं असतं, तेव्हा ते कोणी केलंय याची चौकशी झाल्याशिवाय कोणी डाव उचलत नव्हतं. आमच्याकडे रीत अशी की जेवणासाठी झाकण उचलण्याआधी भट्टीवाला सांगतो, मदत कोणाची झाली. आर्थेल तीस वर्षं एकच वाक्य म्हणत आला होता, "मी आणि देव."

त्याने झाकणाच्या मुठीवर हात ठेवला.

"यंदा," तो म्हणाला, "मी आणि देव, आणि अजून चार जण."

कोणी हसलं. मग कोणी हसलं नाही.

"त्यांनी आपणहून पुढे यावं. तोपर्यंत हे झाकण उघडणार नाही."

सत्तर भुकेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. क्लीव्हनला एकाएकी आपल्या बुटाची नाडी सुटलेली आढळली. त्याच्या बुटाला नाडी नव्हती. डीकन आकाशाकडे बघत होते. इव्हेट लालबुंद.

शेवटी काठीचा आवाज आला. "मी लावलं पाणी," ओझेला म्हणाली. "ऐंशीची आहे, काय करणार आहेस? आणि तुझ्या व्हिनेगरला चव नव्हती."

"ताई!"

"नव्हती."

"झडप माझी," क्लीव्हन पुटपुटला. "धूर पांढरा होता."

"धूर पांढरा होता कारण तुम्ही हिरवा तुकडा घातलात, दाजी!"

"तुकडा मी नाही घातला!"

"तुकडा..." डीकन खाकरले, "तुकडा बहुधा माझा. मला वाटलं, आर्थेल निखारे टाकायला विसरला."

"मी विसरलो नव्हतो! मी टाकले, तुम्ही टाकले, मी काढले, तुम्ही परत टाकले!"

आता जो तो ओरडत होता. कोणाच्या झडपेने कोणाचे निखारे भडकले, कोणाच्या निखाऱ्यांनी कोणाचं पाणी आटलं, याचा असा गलका झाला की वाट चुकलेला मावसभाऊ तेवढ्यात पोचला आणि कोणाचं तरी भांडण जुंपलंय समजून गाडीतच बसून राहिला.

"थांबा!" ओझेलाने काठी टेबलावर आपटली. "इव्हेट, तू सकाळपासून फोनवर लिहीत होतीस ना? वाच. सगळ्यांसमोर वाच."

"आत्या, ते खासगी..."

"खासगी? क्लीव्हनला माहीत आहे म्हणजे खासगी कसलं? वाच."

इव्हेटने वाचलं. आवाज बारीक झाला होता. "सहा पन्नास, झडप उघडी ठेवून विसरले."

"मी," क्लीव्हन.

"सात चाळीस, जास्त निखारे टाकले, मग स्वतःच काढले. विचारलं तर सांगता आलं नाही."

"मी," डीकन.

"नऊ, पाणी लावल्याचं आठवत नाही."

"मी," ओझेला. तिच्या आवाजात किंचित अभिमान होता.

"नऊ दहा, भट्टीसमोर बराच वेळ नुसते उभे. आपण कुठे आहोत ते कळत नसल्यासारखे."

"ते मात्र मी," आर्थेल म्हणाला. "कळतच नव्हतं. तुम्ही कळू देत होतात का?"

सगळं अंगण हसलं. आर्थेलही हसला. "आणि दहा वाजता झडप लावली ती कोणी? ते नाही लिहिलंस?"

"मी," इव्हेट म्हणाली. "बाबा, मी. मला वाटलं..." आणि ती थांबली. फोन खिशात ठेवायला निघाली.

"झालं?" ओझेलाने विचारलं.

"झालं."

"झालं नाही," आर्थेल म्हणाला. तिच्या अंगठ्याने पडद्यावरची मधली एक ओळ झाकली होती. पण जन्मभर बेअरिंगचा आवाज ऐकलेला माणूस, त्याला ती फट दिसली. "अजून एक आहे."

"काही नाही हो ते."

"वाच."

इव्हेटने अंगठा बाजूला केला. मग इतक्या हळू वाचलं की फक्त जवळच्यांनाच ऐकू आलं. "आठ पंचवीस. मला कोरीन म्हणाले. दोनदा."

कोणी 'मी' म्हणालं नाही. म्हणणार कोण?

आर्थेलला ते आठवत नव्हतं. त्याने आठवून पाहिलं. आठ पंचवीस. निखारे काढले होते, बादली होती, ताई यायची होती. मध्ये काहीच नव्हतं. मशीनमध्ये दात गेलेल्या चाकासारखी एक जागा होती, तिथे फक्त घरंगळणं.

"मी क्लीव्हनला चाळीस वर्षं मर्व्हिन म्हणतेय," ओझेला एकदम म्हणाली. "मर्व्हिनने लग्नाला नकार दिला नसता तर तोच असता इथे."

"पन्नास वर्षं," क्लीव्हन म्हणाला.

तेवढ्याने सगळे सुटले. कोणी ओरडलं, "आता तरी उघडा!" आणि आर्थेलने झाकण उचललं.

आता ऐका. चार जणांनी चार तऱ्हा केल्या होत्या. खरं तर त्या बरगड्या कुत्र्यानेही हुंगायला नको होत्या. पण ओझेलाला पहिला तुकडा दिला, तिने दात लावला आणि मांस हाडावरून असं सुटलं की ती काही बोललीच नाही. ओझेला गप्प, हीच मोठी बातमी. पुढचा पाऊण तास सत्तर माणसांत फक्त हाडं टाकल्याचा आवाज होता. तीस वर्षांत आर्थेलच्या भट्टीतून असं काही निघालं नव्हतं. आणि ते कशामुळे, झडपेमुळे, हिरव्या तुकड्यामुळे, प्रार्थनेमुळे की पर्समधल्या बाटलीमुळे, ते कोणालाच सांगता येईना. आर्थेल एकेक हाड उलटंसुलटं करून बघत होता. त्याच्या डोक्यात काहीच जुळत नव्हतं.

तीनच्या सुमारास माणसं सावलीत पांगली. इव्हेट दोन ग्लास चहा घेऊन भट्टीशी आली. एक त्याला दिला.

"मी काय म्हणालो होतो तेव्हा?" आर्थेलने विचारलं. "आठ पंचवीसला."

"असू दे, बाबा."

"सांग."

"म्हणालात, कोरीन, इकडे ये. कोरीन, कोणीतरी माझ्या भट्टीशी येऊन जातंय."

आर्थेलने चहाचा घोट घेतला.

"म्हणजे मला कळलं होतं," तो म्हणाला. "आणि मी विसरलो."

"हो."

"तुझी आई असती तर म्हणाली असती, कोण ते बघून येते."

"मला सांगायचंत."

"तू लिहीत होतीस."

इव्हेटने ग्लास झाकणावर ठेवला. झाकण अजून कोमट होतं. "सोमवारी मी एकटीच जातेय," ती म्हणाली. "शिकागोचं मी पुन्हा काढणार नाही. शब्द दिलाय. पण जाण्याआधी जॅक्सन शहरातल्या डॉक्टरांकडे वेळ घेऊन ठेवते, आणि त्या दिवशी येते. ते काय म्हणतात ते दोघांनी मिळून ऐकू. मी टिपणार नाही. तुम्ही टिपा."

आर्थेलने थोडा विचार केला. जिंकलो की हरलो, ते त्याला नीट उमगेना. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे, जिथे क्लीव्हन चार जणांना गोळा करून अंगविक्षेपांसह काहीतरी सांगत होता. बहुधा हेच.

"चालेल," तो म्हणाला. "गाडी तू चालव."

"कोणाची?"

"ते तू निघताना एकदा बघून घे," आर्थेल म्हणाला, आणि ग्लास ठेवून निखारे विझवायला वाकला.